दहापैकी दोन

अभिनंदन मगदूमनं आयुष्यात कधी कुणाचं अभिनंदन केल्याचं ऐकिवात नाही. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं आणि पोरानं मोठेपणी जगाला नावं ठेवायचा धंदा काढला. धंदा म्हणजे व्हिडिओ गेमची समीक्षा. कोल्हापुरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून हा गृहस्थ सतरा वर्षं इंटरनेटवर ‘दहापैकी किती?’ नावाचा कार्यक्रम करत होता. या सतरा वर्षांत त्यानं दहापैकी दहा कुणालाच दिले नव्हते. नऊ दोनदा दिले होते, आणि त्याबद्दलही त्याला पुढे हळहळ वाटली होती.

पण माणूस ऐकण्यासारखा होता, हे कबूल केलं पाहिजे. ‘शंभर तासांचा भव्य खेळ’ अशी जाहिरात आली की हा म्हणायचा, “त्यातले साठ तास नुसतं घोड्यावर बसून माळरान तुडवायचं. अरे, मग एसटीनं सांगलीला जाऊन येतो की! निदान मधे भडंग तरी मिळतं.” खेळाच्या सुरुवातीला चालायचं कसं ते शिकवायला लागले की हा पडद्याकडे बघून ओरडायचा, “चाळीस वर्षं झाली लेकांनो, चालतोय मी!” आणि गेमवर लिहिणाऱ्या पत्रकारांवर तर त्याचा विशेष राग. कंपनीच्या विमानानं जायचं, कंपनीच्या हॉटेलात जेवायचं आणि परत येऊन ‘या खेळातलं पाणी फार खरं वाटतं’ असं लिहायचं! “यांना समीक्षक म्हणायचं, तर पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्यालाही समीक्षक म्हणा,” असं तो म्हणे.

हे सगळं लोक चवीनं ऐकत, पण त्याचं खरं नाव झालं ते एका व्हिडिओनं. नऊ वर्षांपूर्वी ‘धोटा’ नावाचा एक छोटा गेम आला होता. मागावर उभ्या सुतांमधून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. गेम करणारा विद्यासागर चौगुले हा इचलकरंजीचा, अभिनंदनचा शाळेपासूनचा मित्र. खेळ असा की यंत्रमागाच्या कारखान्यात चार माग सांभाळायचे. सुताची तार तुटली की गाठ मारायची, परत तुटली की परत मारायची, आणि खटाखट खटाखट आवाज चालू. अभिनंदननं त्याला दहापैकी दोन दिले. “हा खेळ नाही, ही ओव्हरटाइमची पाळी आहे,” हे त्याचं वाक्य पोरांच्या टीशर्टवर छापून आलं. “आणि मधूनमधून दारात एक बाई येते. तोंड हलवते, आवाजच नाही! बाईंना उभं केलं आणि आवाज घालायला विसरले! एवढा मोठा बग, आणि विकायला काढलाय!”

लोक हसून हसून लोळले. वर कौतुक हे की, बघा, मित्राचा खेळ होता तरी सोडला नाही! हाच खरा समीक्षक! त्या दिवसापासून अभिनंदनचा शब्द म्हणजे शब्द झाला. ‘धोटा’ तीन महिन्यांत विक्रीतून गेला, विद्यासागरची चार माणसांची कंपनी बंद पडली. अभिनंदननं त्याला फोन करायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

आणि मग नाडीमूठ आली.

नाडीमूठ दिसायला साधीच, गेम खेळायच्या कंट्रोलरसारखी. पण हातात धरायच्या जागी केसाएवढ्या बारीक पट्ट्या बसवलेल्या. आता आपल्या शरीराची गंमत अशी आहे की पाठीला घाम येतो तो उकाड्यानं, पण तळहाताला येतो तो मुख्यतः मनानं. परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा फिरत असतानाही पेन बोटांतून सटकतं ते त्यामुळं. त्या पट्ट्या तळहाताचा हा ओलावा सेकंदाला शंभर वेळा मोजत, बोटांतली नाडी मोजत, मूठ किती आवळली ते मोजत. वरून पडद्यावरचा कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या बघे. एखाद्या गोष्टीत जीव गुंतला की बाहुली मोठी होते, आणि ती लहान करणं माणसाच्या हातात नसतं. या सगळ्याची मोट बांधून, हजारो लोकांच्या नोंदींवर शिकवलेला एक प्रोग्रॅम पडद्याच्या कडेला एक रेघ काढत जाई. माणूस रंगला की रेघ वर, कंटाळला की खाली. खेळ संपला की शून्य ते दहामधला एक आकडा. या रेघेला लोक रंगरेघ म्हणू लागले.

‘तोंड खोटं बोलेल, तळवा बोलणार नाही’ अशी तिची जाहिरात होती. दोन वर्षांत गेमच्या सगळ्या वेबसाइटवर समीक्षा जाऊन रेघा आल्या. वाचायची कटकट नाही, पटण्या-न-पटण्याचा प्रश्न नाही. अभिनंदनचे प्रेक्षक निम्म्यावर आले, मग निम्म्याचे निम्मे.

घरातही तेच. पंधरा वर्षांची मैथिली एक गेम उतरवून घेत होती, तेव्हा तो म्हणाला, “अगं, तो भिकार आहे. मी कालच खेळलोय.”

“पप्पा, आठ पॉइंट सहा रेघ आहे त्याची.”

“आणि माझं मत?”

“तुमचं मत काय, तुमचं मत आहे,” ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं. रागानंसुद्धा बोलली नाही पोरगी. रागानं बोलली असती तर त्याला इतकं लागलं नसतं.

ज्या पोर्टलवर त्याचा कार्यक्रम चालायचा, त्याच्या प्रमुख होत्या तेजल शिरोडकर. त्यांचा पुण्याहून फोन आला. “अभिनंदनजी, पुढच्या महिन्यापासून नाडीमूठ हातात घेऊन कार्यक्रम करा. तुमच्या चेहऱ्याशेजारी तुमची रेघ दिसेल. नाहीतर आपल्याला थांबावं लागेल.”

अभिनंदनचं डोकं सणकलं. “मॅडम, मत तळहातात नसतं, डोक्यात असतं! भुताला बघूनसुद्धा हाताला घाम येतो, म्हणून भूत आवडलं म्हणायचं काय?”

“मग सिद्ध करा,” बाई शांतपणे म्हणाल्या. “लोकांसमोर खेळा. तुमचं तोंड काय म्हणतं आणि रेघ काय म्हणते, दोन्ही दाखवू. खेळ तुम्ही निवडा.”

आणि इथं त्यानं घात करून घेतला. रागाच्या भरात तो म्हणून गेला, “लावा ‘धोटा’. त्याच्यात जर कुणाची रेघ वर गेली, तर मी समीक्षा सोडतो. आणि गेली नाही, तर माझा शब्द खरा. मग ते यंत्र माझ्या कार्यक्रमात परत आणायचं नाही.”

“मान्य,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी जाहिरात झळकली.

आता पंचाईत एवढीच की ‘धोटा’ कुठं मिळेना. पुण्याच्या ज्या मोठ्या कंपनीकडे त्याचे हक्क गेले होते, तिच्याकडे नुसते कागद होते, चालणारा खेळ नव्हता. तो एकाच माणसाकडे असणार. ज्याचा खेळ आपण मारला, त्याच्याकडेच तो खेळ मागायला जायचं, तेही त्याला लोकांसमोर पुन्हा मारण्यासाठी! कुठल्या तोंडानं जायचं, हा प्रश्न अभिनंदनला पडला. पण गेला.

विद्यासागरचं इचलकरंजीत दुकान होतं. नव्या मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायचं. टेबलावर कार्ड, हातात सोल्डरिंगची कांडी, डोळ्यावर भिंग. केस पार पांढरे झालेले. मागे भिंतीवर काकूंचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. काकू म्हणजे विद्यासागरची आई. त्या गेल्याचं अभिनंदनला कळलंच नव्हतं.

“काकू कधी...?”

“सात वर्षं झाली. बस की.”

तो बसला. नववीत असताना त्याची स्वतःची आई तीन महिने मिरजेच्या दवाखान्यात होती आणि तो रोज संध्याकाळी याच काकूंच्या हातचं जेवला होता. चौगुल्यांच्या घरात जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. काकू घराला लागून असलेल्या कारखान्याच्या दारात येऊन हाका मारायच्या आणि मागांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. हे सगळं त्याला फोटोकडे बघताना आठवलं, पण त्यानं ते बाजूला सारलं. कामाला आला होता.

त्यानं काम सांगितलं. विद्यासागरनं ऐकून घेतलं, कांडी स्टँडवर ठेवली.

“म्हणजे माझा खेळ बेकार हाय हे सिद्ध करायला तुला माझाच खेळ पाहिजे.”

“तसं नाही रे. यंत्राविरुद्ध...”

“तसंच हाय लेका. असू दे.” त्यानं खणातून एक छोटी ड्राइव्ह काढली. “देतो. एकच अट. पुरा खेळायचा.”

“म्हणजे? मागं काय अर्धा...”

“चार तास अठरा मिनिटं,” विद्यासागर म्हणाला. “तेव्हा समीक्षकांना पाठवलेल्या प्रतींची नोंद आमच्या सर्व्हरवर व्हायची. चार तास अठरा मिनिटांनी तू बंद केलास. खेळ पाच तासांचा हाय.”

अभिनंदनच्या तोंडचं पाणी पळालं. खरं होतं ते. गेमच्या धंद्यात एक पद्धत असते. कंपनी समीक्षकाला खेळ आधी पाठवते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाजता मत द्यायची मोकळीक होते. त्या मिनिटाला ज्याचा व्हिडिओ पहिला, त्याचे प्रेक्षक. म्हणून सगळेच थोडं खेळतात, अंदाज बांधतात आणि ठोकून देतात. खेळ संपवून मत देणारा समीक्षक म्हणजे दुधात पाणी न घालणारा गवळी; असतो म्हणतात, पण पाहिलेला कुणी नाही. अभिनंदननंही तेच केलं होतं. फक्त त्यानं ते स्वतःपासूनही लपवलं होतं.

“नऊ वर्षं तुला माहीत होतं?” तो कसाबसा म्हणाला. “मग बोलला का नाहीस?”

“काय झालं असतं बोलून? माझ्यावर आणखी एक व्हिडिओ केला असतास.” विद्यासागरनं कांडी पुन्हा उचलली. “कार्ड द्यायचं हाय आज. नीघ आता.”

कार्यक्रम पुण्यात, सकाळी दहाला सुरू झाला. हॉलमध्ये तीनशे माणसं, घरोघरी बघणारे लाखो. नाडीमूठ बनवणारे डॉक्टर केळुसकर एका कोपऱ्यात गप्प बसलेले. तेजलबाईंनी छानसं प्रास्ताविक केलं. अभिनंदननं मूठ हातात घेतली आणि पडद्यावर माग सुरू झाले.

खटाखट, खटाखट. तार तुटली. गाठ मारली. पहिल्या तासात रेघ दोनाच्या खाली सरपटत होती. अभिनंदनला स्फुरण चढलं. “बघा! माझं तोंड दोन म्हणालं होतं, हातही दोनच म्हणतोय. नऊ वर्षांनी का होईना, तळव्याला अक्कल आली!” लोक हसले. दुसरा तास, तिसरा तास. मधे दारात ती बाई आली, पदर डोक्यावर, तोंड हलवलं, गेली. “आला बघा आपला सुप्रसिद्ध बग!” तो ओरडला. हॉलनं टाळ्या वाजवल्या. पण त्या बाईचं उभं राहणं, एक हात चौकटीवर टेकून, जरा ओळखीचं वाटलं, आणि रेघ किंचित हलली. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

चार तास अठरा मिनिटं झाली. इथून पुढं त्यानं काही पाहिलेलं नव्हतं. लोक एव्हाना जांभया देत होते, वडापाव खात होते. त्याच्या स्वतःच्या कानात खटाखट इतकी भरली होती की आता ती ऐकूही येत नव्हती.

चार तास एकतीस मिनिटांनी खेळात लाइट गेली.

माग एकदम थांबले. हॉलमध्ये अशी काही शांतता पसरली की तीनशे माणसांनी चघळणं थांबवलं. पडद्यावर कारखान्याच्या उंच खिडकीतून तांबूस उन्हाचा पट्टा आत आला. आणि दारात ती बाई उभी होती, चार तास उभी राहत होती तशीच. पण आता तिचा आवाज येत होता. तो आवाज काकूंचा होता.

“सागर... ए नंदू... किती हाका मारू रे? दिवस मावळाय लागला. ताटं वाढल्यात.” मग जरा थांबून, “नंदू, तू न जेवता जाऊ नगंस हां बाळा. तुझी आई दवाखान्यात, तुला घरी कोण वाढणार? ये, हात धू.”

नंदू म्हणजे अभिनंदन. त्या घरात त्याला नंदूच म्हणत.

बग नव्हता तो. मागांच्या आवाजात हाका ऐकू येत नव्हत्या, एवढंच. ऐकू येईपर्यंत थांबणं, हाच खेळ होता. मित्रानं आपल्या आईला आणि आपल्या घरी जेवणाऱ्या एका पोराला त्या खेळात जपून ठेवलं होतं, आणि त्या पोरानं तेरा मिनिटं आधी खेळ बंद करून सगळ्या जगाला त्याच बाईवर हसवलं होतं. अभिनंदनच्या हाताला पाणी सुटलं. छाती धडधडायला लागली. मेलो असतो तर बरं, असं त्याला वाटलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आणि कडेची रेघ उसळून वर गेली. सहा, आठ, नऊ. हॉल उठून उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या. खेळ संपला तेव्हा अखेरच्या अर्ध्या तासाचा आकडा होता नऊ पॉइंट सात, आजवरचा सगळ्यात वरचा.

“खडूससुद्धा रंगला!” तेजलबाई माइकमध्ये ओरडल्या.

“थांबा,” अभिनंदन म्हणाला. “थांबा जरा. हा खेळ चांगला आहे. फार चांगला आहे. मी चुकलो होतो. मी हा खेळ पुरा खेळलोच नव्हतो. तेरा मिनिटं आधी बंद केला होता, आणि मत दिलं.” त्यानं पडद्याच्या कडेला बोट दाखवलं. “पण ही रेघसुद्धा खोटी आहे. मी रंगलो नाही. मला लाज वाटतेय. ऐकताय ना? ही लाजेची रेघ आहे!”

पुढचं कुणी ऐकलंच नाही. ‘पुरा खेळलोच नव्हतो’ एवढं ऐकून आधी कुजबुज, मग हुर्यो सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, “सतरा वर्षं फसवलंस की रे!” एक रिकामी बाटली स्टेजवर येऊन पडली.

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर केळुसकर त्याच्याजवळ आले. भला माणूस होता.

“तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “जीव किती गुंतला हे आमची रेघ सांगते. आनंदानं, भीतीनं की लाजेनं, ते ओळखण्याची सोय नाही. शरीर तिन्हीला सारखाच घाम आणतं. अहवालात मी स्पष्ट लिहिलंय. पान एकशे बारावर.”

“कुणी वाचलंय ते?”

“इतकं पुढपर्यंत कुणी वाचत नाही हो,” केळुसकर म्हणाले.



पुढं काय झालं असेल ते तुम्हीही ओळखलं असेल. नऊ पॉइंट सात! सगळ्यांना ‘धोटा’ हवा होता. हक्क पुण्याच्या कंपनीकडे होतेच, आणि चालणारा खेळ कार्यक्रमाच्या दिवसापासून पोर्टलकडे. नऊ वर्षांपूर्वी बुडताना विद्यासागरनं ते देऊन टाकले होते, त्याला विचारायची गरजच नव्हती. कंपनीनं आणि तेजलबाईंच्या पोर्टलनं मिळून नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. पैजेप्रमाणे अभिनंदननं समीक्षा सोडायला हवी होती. पण बाई म्हणाल्या, “सोडता कसले! आता तर तुम्ही हवेत. या खेळाची पहिली समीक्षा तुम्हीच करायची, मूठ हातात घेऊन.” तो पुण्याला बाईंकडे गेला, ते एका आशेनं. म्हटलं, निदान खेळ तरी वाचवू.

“हे बघा,” बाईंनी त्याची रेघ भिंतीवर दाखवली. “साडेचार तास आडवी आणि मग एकदम उभी. लोक साडेचार तास थांबणार नाहीत. म्हणून आईचा प्रसंग आम्ही पहिल्या पाच मिनिटांत घेतलाय. एकूण खेळ वीस मिनिटांचा.”

“अहो, पण त्या साडेचार तासांशिवाय त्या हाकेत काय उरलं? आवाज बंद झाल्याशिवाय ती ऐकू येत नाही, हीच तर...”

“ऐकू येते ना! मागांचा आवाज आम्ही कमी केला. आता पहिल्यापासून आईचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो.” बाई कौतुकानं हसल्या. “खरं तर तुमचंच श्रेय आहे. तुमचा तो जुना व्हिडिओ आम्ही टीमला दाखवला. तुम्ही म्हणाला होतात ना, आवाजाचा बग आहे म्हणून?”

नव्या आवृत्तीबरोबर बदलांची यादी आली. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: आईच्या आवाजातला दोष दुरुस्त केला.

अभिनंदननं ती आवृत्ती मूठ हातात घेऊन, लोकांसमोर, पुरी खेळली. वीस मिनिटंच तर होती. पहिल्याच मिनिटाला काकू दारात आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “ए नंदू, ये, हात धू.” दर दोन मिनिटांनी येत राहिल्या. खेळणाऱ्याला त्यांच्या हाकेला ‘आलो’ म्हणायचं बटण दिलं होतं, आणि ते दाबलं की गुण मिळत. अभिनंदनच्या तळहाताला घाम सुटत गेला. त्याच्या शरीराला काय ठाऊक आवृत्ती कुठली! त्याला आवाज ओळखीचा होता. रेघ नऊ पॉइंट आठवर गेली.

“हे भिकार आहे,” तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. “मूळ खेळ सोनं होता. त्याची यांनी माती केली. दहापैकी दोन.”

त्याच्या चेहऱ्याशेजारी रेघ लखलखत होती. खाली लोकांचे शेरे पडत होते. ‘खोटारड्या, हात बघ तुझा.’ ‘याही वेळी नक्की अर्धाच खेळला असणार.’ ‘मागच्या वेळी दोन, आताही दोन, यानं दोनाचा शिक्का करून घेतलाय काय?’ हसणाऱ्या तोंडांची तर रांगच लागली. संध्याकाळी घरी मैथिली म्हणाली, “पप्पा, आवडलं तर आवडलं म्हणायचं ना. त्यात काय एवढं?” तिच्या हातात तोच खेळ चालू होता.

महिन्याभरानं तो इचलकरंजीला गेला. कशाला गेला, हे त्याला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. विद्यासागर भिंग लावून कार्डावर वाकलेला होता. मान वर न करता म्हणाला, “परवा बँकेत गेलतो. रांगेत एकाचा फोन वाजला. आईनं हाक मारली. जेवायला ये म्हणाली.” कांडीच्या टोकाचा धूर वर गेला. “रिंगटोन केलाय लोकांनी तिचा.”

अभिनंदन दारातच उभा राहिला. आज कुणी ‘बस’ म्हणालं नव्हतं. “सागर, मी त्यांना सांगितलं होतं रे. ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही.”

“ऐकू येत नाही कारखान्यात,” विद्यासागर म्हणाला. मग त्यानं विचारलं, “किती दिलेस?”

“दोन.”

“या खेपेला पुरा खेळलास?”

“पुरा.”

विद्यासागरनं भिंग काढलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. “मग बरोबर हाय,” तो म्हणाला.

साऱ्या जगात त्या दोनावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता. अभिनंदनला वाटलं, आता काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान शिवी तरी देईल. विद्यासागरनं कांडीचं बटण बंद केलं, कार्ड खणात ठेवलं, हात पुसले. बाहेर उन्हं पार कलली होती. चौगुल्यांच्या घरात अजूनही दिवस मावळायच्या आतच जेवत. त्यानं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि घराच्या दिशेनं चालायला लागला. ‘चल, जेवून जा,’ असं काही तो म्हणाला नाही.